न वाजलेल्या भोंग्याची सात मिनिटे

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
धरण सुरक्षा व पूरनियंत्रण विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : भोंगाचालक, नियंत्रण कक्ष, धरणमाथा.

विषय : गेल्या १७ सप्टेंबर रोजी दुपारी ३.१० ते ३.१७ या वेळेत धोक्याचा भोंगा वाजला नाही, असे एका ओळीचे पत्र गोल शिक्क्यासह मिळणेबाबत. ते शक्य नसल्यास तोच भोंगा एकदा खरोखर वाजवू देणेबाबत.

संदर्भ : १) चौकशी समितीचा अहवाल, पान ४७, परिच्छेद तिसरा.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांना मिळालेली तीन उत्तरे.
३) भोंगा चाचणी नोंदवही (हस्ताक्षर माझे).

महोदय,

१. मी गेली सव्वीस वर्षे धरणावर भोंगाचालक म्हणून काम करीत आहे. धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी बटण दाबून सात मिनिटे भोंगा वाजविणे, दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी अकरा वाजता त्याची एक मिनिट चाचणी घेणे आणि चाचणीची नोंद वहीत करणे, एवढेच माझे काम. सव्वीस वर्षांत खऱ्या धोक्यासाठी भोंगा वाजविण्याची वेळ पाचदा आली. त्यामुळे नियंत्रण कक्षात माझी थट्टा होत असे, की याचे सगळे काम एका बोटाचे आणि तेही महिन्यातून एक मिनिट. मीही हसत असे. थट्टा खरी होती. आता त्या एका बोटाबद्दलच लिहायचे आहे.

२. अहवालाच्या पान ४७ वर पुढील वाक्य आहे : "दुपारी ३.१० वाजता धोक्याचा भोंगा नियमानुसार सात मिनिटे वाजविण्यात आला; तथापि नदीकाठच्या नागरिकांनी त्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे एकतीस व्यक्तींचा मृत्यू ओढवला." वाक्य नीटनेटके आहे. अर्धविराम योग्य जागी आहे. मृतांची संख्या बरोबर आहे, ती मी स्वतः दारोदार जाऊन मोजली. वेळही बरोबर आहे. चूक एकच आहे, की भोंगा वाजला नाही.

३. तो का वाजला नाही हे सांगायचे तर त्याच्या आदल्या वर्षीच्या एक ऑगस्टपर्यंत मागे जावे लागते. त्या दिवशी चाचणी घेताना भोंग्याची मोटार जळाली. वास आला, धूर आला, आवाज घोगरा होऊन थांबला. मी वहीत 'नादुरुस्त' असे लिहिले व शाखा अभियंत्यांना कळविले. हे साहेब स्वभावाने अत्यंत सज्जन. कोणत्याही कामाला 'होईल, सावकाश होईल' म्हणत, म्हणून कक्षात त्यांना सावकाश साहेब म्हणत. ते म्हणाले, येत्या गुरुवारी वरून तपासणी आहे, भोंग्यापुढे 'नादुरुस्त' दिसले तर सगळ्या धरणाची तपासणी लागेल. तूर्त 'ठीक' लिही, पुढच्या एक तारखेपर्यंत मोटार आलेली असेल. मी 'नादुरुस्त' खोडले नाही. खाडाखोड दिसली असती. पानच बदलले व 'ठीक' लिहिले.

सप्टेंबरची एक तारीख आली तेव्हा मोटार आली नव्हती. साहेबांनी मला काही सांगितले नाही. मीच विचार केला, की गेल्या महिन्यात ठीक असलेला भोंगा या महिन्यात नादुरुस्त कसा झाला, असे कोणी विचारले तर काय सांगायचे? 'ठीक' लिहिले. मग ऑक्टोबर. अशा रीतीने पुढच्या वर्षीच्या एक सप्टेंबरपर्यंत चौदा वेळा 'ठीक' लिहिले. त्यातला पहिला 'ठीक' साहेबांचा आहे. उरलेले तेरा माझे आहेत. त्यांच्यासाठी कोणीही माझ्यावर दबाव आणला नव्हता, याची कृपया नोंद घ्यावी. कारण दबाव आणणारा कोण, हे शोधण्यात चौकशीचा बराच वेळ जातो असे मी पाहिले आहे.

गावात याबद्दल तक्रार झाली नाही. पूर्वी भोंग्याने लहान मुले दचकतात, रात्रपाळीवाल्यांची झोप मोडते, अशा तक्रारी येत. तो बंद झाल्यावर लोकांना वाटले, त्यांच्या तक्रारींची दखल घेतली गेली.

४. १७ सप्टेंबर रोजी वरच्या बाजूने पाणी भरभर चढले. तीन वाजून पाच मिनिटांनी दरवाजे उघडण्याचा आदेश फोनवर आला. नियम असा, की आधी भोंगा, मग दरवाजे. ३.१० ला मी बटण दाबले. तेरा महिने मुका असलेला भोंगा त्या दिवशी आपणहून वाजेल असे मला का वाटावे, हे सांगता येत नाही. पण बोट सवयीचे होते. दरवाजांवरच्या माणसाने फोन करून विचारले, "भोंगा?" मी म्हणालो, "दाबलाय." हे खोटे नव्हते. बटण दाबले होते. त्याने ३.१७ ला चार दरवाजे उघडले.

आपत्तीच्या वेळी फोन करण्यासाठी भिंतीवर तीन क्रमांकांची यादी लावलेली आहे. पहिला प्रभाग कार्यालयाचा. तो सात वेळा लावला, सातही वेळा कोणीतरी बोलत होते. दुसरा पोलीस चौकीचा. तेथे फोन उचलला गेला. मी सांगितले, पाणी सोडले आहे, नदीकाठची गल्ली रिकामी करा. पलीकडून उत्तर आले, "भोंगा तर वाजू द्या, मग माणसं पाठवतो." तिसरा शाळेचा. त्या दिवशी सुट्टी होती. घंटी वाजत राहिली आणि मी ती ऐकत राहिलो, कारण यादीत तिच्यापुढे काही नव्हते. यादी संपली तेव्हा घड्याळात ३.३६ झाले होते. पाणी गल्लीत ३.३४ ला शिरले.

नदीकाठच्या गल्लीत माझ्या थोरल्या बहिणीची पिठाची गिरणी आहे. तिचा फोन क्रमांक मला तोंडपाठ आहे. तो यादीत नव्हता.

५. सायंकाळी पाच वाजता सावकाश साहेब कक्षात आले. बूट भिजलेले होते. खुर्चीत बसले आणि रडले. खोटे रडले असे मी म्हणणार नाही. इतके खरे रडणे मी त्या कार्यालयात दुसरे पाहिलेले नाही. मग त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाले, "वही आण बरं." मी वही आणली. ते म्हणाले, "आजची ओळ रिकामी आहे. लिहून टाक, वाजवला म्हणून." मी लिहिले : '३.१० भोंगा सुरू, ३.१७ बंद.'

साहेबांनी मिनिटे सांगितली नव्हती. नियमात सात आहेत म्हणून सात मी लिहिली. म्हणजे अहवालातील ती सात मिनिटे माझी आहेत. समितीने ती बनविलेली नाहीत. समितीने ती फक्त माझ्या वहीतून उचलून पान ४७ वर ठेवली आणि तेव्हापासून ती आपल्या विभागाची झाली.

तोपर्यंत कोण गेले, किती गेले, मला माहीत नव्हते. माहीत असते तर लिहिले नसते, असे लिहायला हात उचलतो, पण आता या अर्जात तरी माहीत नसलेली गोष्ट 'ठीक' म्हणून लिहायची नाही, असे ठरविले आहे.

६. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे मेहुणे सापडले. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू. त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण अहवालाच्या परिशिष्टात त्यांचा उल्लेख 'क्र. १९, पुरुष, वय ६३' एवढाच आहे.

दाजींनी चाळीस वर्षे गिरणी चालविली. गिरणीचा दगड, पट्टा, मोटार यांच्या शेजारी चाळीस वर्षे उभे राहून त्यांचे कान गेले. पण दगडाला हात लावून पीठ जाड पडते की बारीक ते ते सांगत. ऐकण्याचे खाते ताईकडे होते. गिऱ्हाईक काय म्हणते, दारात कोण हाक मारते, फोन, पाऊस, भांडण, सगळे ती ऐके आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारून सांगे. एक थाप म्हणजे गिऱ्हाईक, दोन म्हणजे घरी चला, आणि भोंगा वाजला की तीन. दर एक तारखेला अकरा वाजता ती तीन थापा मारी. दाजी माझ्या नावाने हात वर करून, 'मेहुणा कामावर आहे' असे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत. कोणी म्हणे, दाजी, तुम्हाला कधी ऐकू येणार? ते म्हणत, "मला कशाला यायला हवं? ही आहे ना माझे कान."

जेवण झाल्यावर दोन ते चार या वेळेत दाजी नदीकाठच्या आपल्या भाजीच्या तुकड्यावर जात आणि पत्र्याच्या आडोशाला झोपत. त्या वेळी गिरणी ताई बघे. १७ सप्टेंबर रोजीही तसेच होते. गिरणी चालू होती. गिरणीपासून आडोशापर्यंत पाचशे बारा पावले होतात. माझ्या चालीने पाच मिनिटे, तिच्या धावण्याने तीन. ३.१० पासून ३.३४ पर्यंत चोवीस मिनिटे होती.

गिरणीचा ओटा उंच असल्याने ताई वाचली. पाणी कमरेपर्यंत आले तेव्हा ती धान्याच्या पोत्यांवर चढली.

७. या ठिकाणी एक गोष्ट नमूद करतो, जी मी समितीसमोर सांगितली नाही, कारण समितीने विचारली नाही, आणि विचारली असती तरी सांगितली असती की नाही कोण जाणे.

पुरापूर्वीच्या जानेवारीत, म्हणजे भोंगा मुका होऊन सहा महिने होत आले असताना, आम्ही तिघे जेवायला बसलो होतो. मी ताईच्या वरच्या माडीवर राहतो व तिच्याकडेच जेवतो. ताई म्हणाली, "अरे, हल्ली एक तारखेला तुझा भोंगा ऐकू येत नाही मला. यांचे गेले, आता माझेही कान चालले वाटतं." मी भाकरी मोडत म्हणालो, "वय झालं ताई तुझं. गिरणीवाल्यांच्या घरात कान टिकतात कुठे?" ती हसली. आम्ही हसतो आहोत हे बघून दाजीही हसले. काय झाले ते त्यांना कळले नव्हते.

त्या वेळी 'मोटार जळाली आहे' असे तीन शब्द बोलायचे होते. घरातच बोलायचे होते. तपासणी नव्हती, साहेब नव्हते, वही नव्हती. पण वहीतला 'ठीक' मी जेवायच्या ताटावरही घेऊन आलो होतो, त्याला मी काय करू? आणि थट्टा बरी साधली होती.

८. अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत ताई रडत असे. अहवाल आल्यावर तिचे रडणे थांबले. पान ४७ तिने शेजाऱ्याच्या मुलीकडून दोनदा वाचून घेतले आणि म्हणाली, सात मिनिटं वाजत होता आणि मी दळत होते.

तेव्हापासून ती गिरणी सलग चालवीत नाही. थोडे दळते, पट्टा बंद करते, दारात येऊन कान देते, मग पुन्हा सुरू करते. मी एका रविवारी माडीवर बसून मोजले. सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत तिने गिरणी एकेचाळीस वेळा थांबविली. दहा मिनिटांच्या दळणाला पाऊण तास लागतो. गिऱ्हाईक आधी हळहळले, मग कुजबुजले, आता बरेचसे डबे घेऊन वरच्या गल्लीतल्या गिरणीत जाते. जे येतात ते पीठ गरम लागत नाही अशी तक्रार करतात.

तिला मी कानाच्या डॉक्टरांकडे नेले. दोन्ही कान उत्तम असल्याचे त्यांनी लिहून दिले. ताई जिन्यात म्हणाली, "आज चांगले असतील. त्या दिवशी नसतील."

आणखी एक निरीक्षण. समितीने नदीकाठच्या चौसष्ट लोकांचे जबाब घेतले. त्यातील बहुतेकांनी 'भोंगा ऐकू आला नाही' असे सांगितले. ते 'भोंग्याकडे लक्ष गेले नाही' असे लिहून घेण्यात आले. लोकांनी सह्या केल्या, कारण दोन्हींत 'नाही' होते. पण अहवाल आल्यानंतर गल्लीत भोंगा ऐकलेली माणसे निघू लागली. चहावाला सांगतो, स्पष्ट ऐकला, पण वाटलं चाचणी असेल. शिंपी सांगतो, तिसऱ्या मिनिटाला आवाज जरा बसका झाला होता. मी या माणसांची यादी ठेवली आहे. आजमितीस ती एकोणीस आहेत. अहवालापूर्वी एकही नव्हता. ते खोटे बोलत आहेत असे मला वाटत नाही. ज्यांची माणसे गेली त्यांना, ऐकले पण उशीर झाला, हे सोसते. काहीच वाजले नाही, कोणीच हाक मारली नाही, हे सोसत नाही. माझ्या सात मिनिटांना आता एकोणीस साक्षीदार आहेत आणि मी एकटा विरुद्ध आहे.

९. आपण म्हणाल, हे सगळे बहिणीला सरळ सांगावे, विभागाला कशाला त्रास? सांगितले. डिसेंबरात, मला प्रशस्तिपत्र मिळाले त्याच आठवड्यात सांगितले. ('आपत्तीच्या प्रसंगी दाखविलेल्या कर्तव्यदक्षतेबद्दल' मला ते देण्यात आले. समारंभाला ताई आली होती. एकतीसांपैकी एकाची बायको टाळ्या वाजवीत आहे हे व्यासपीठावर कोणाला माहीत नव्हते. ते प्रशस्तिपत्र तिने चौकटीत घालून गिरणीच्या भिंतीवर दाजींच्या फोटोशेजारी लावले आहे.)

मी तिला मोटार, वही, चौदा 'ठीक', सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. माझ्या डोक्यावरून हात फिरविला आणि म्हणाली, "माझं मन राखायला स्वतःवर घेतोस होय रे? लहानपणीही माझ्या वाटचा मार तूच खायचास." मी शपथ घेतली. ती म्हणाली, "कागदावर शिक्का आहे. तुझ्यापेक्षा तो खरा का खोटा?" आणि मग, "शिवाय तूच म्हणाला होतास, माझे कान गेलेत."

म्हणून शिक्का असलेला दुसरा कागद मागण्यासाठी हा अर्ज आहे.

१०. यापूर्वीच्या तीन अर्जांची हकिकत थोडक्यात अशी.

जानेवारीत मी प्रशस्तिपत्र परत घेण्याची विनंती केली. उत्तर आले, की दिलेले प्रशस्तिपत्र परत घेण्याची नियमात तरतूद नाही. ते गहाळ झाल्यास दुसरी प्रत मिळू शकेल.

फेब्रुवारीत मी माझ्यावर कारवाई करण्याची विनंती केली व खोट्या नोंदींची तारीखवार यादी जोडली. मला वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठविण्यात आले. त्यांनी झोप लागते का, भूक लागते का, असे विचारले. दोन्ही लागत असल्याचे मी सांगितले. 'प्रसंगाचा ताण' असा शेरा मारून एक मार्चपासून पंधरा दिवसांची विश्रांती देण्यात आली. पुरानंतर ऑक्टोबरपासून मी चाचणीचा रकाना कोरा ठेवीत होतो. विश्रांतीहून परतलो तेव्हा ऑक्टोबर ते मार्च असे सहाही रकाने एकाच शाईने भरलेले होते. सहाही ठिकाणी 'ठीक'. अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.

एप्रिलात मी फक्त भोंगा दुरुस्त करण्याची विनंती केली. मागचे जाऊ द्या, पुढचे बघा, असाच अर्जाचा सूर होता. उत्तर आले, की अभिलेखानुसार भोंगा सुस्थितीत असून तसे आपणच वेळोवेळी प्रमाणित केले आहे. सुस्थितीतील यंत्राच्या दुरुस्तीचा प्रस्ताव मान्य करता येत नाही. आणि चालू यंत्रास नादुरुस्त म्हटल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. चौदा वेळा खोटे लिहिले तेव्हा कोणी खुलासा मागितला नव्हता. खरे लिहिल्यावर पहिल्याच वेळी मागितला.

म्हणजे महोदय, भोंगा आजही वाजत नाही. आज चार जुलै. धरण साठ टक्के भरले आहे. भोंगा दुरुस्त करायचा तर आधी तो बिघडला होता असे लिहावे लागेल, बिघडला होता म्हटले की कधीपासून हे येईल, आणि कधीपासून म्हटले की पान ४७ येईल. त्यामुळे गेल्या वर्षीची सात मिनिटे खरी राहावीत म्हणून या वर्षीही भोंग्याला मुके राहावे लागत आहे. खाली चार हजार माणसे राहतात. त्यांच्यापैकी एकोणीस जणांना तर तो उत्तम वाजतो अशी खात्रीच आहे.

११. अधिकारी माणसे खरे का लपवितात याविषयी पूर्वी माझी समजूत सोपी होती. मला वाटे भितात, किंवा खुर्ची सांभाळतात. खुलासा द्यायला मी मुख्य कार्यालयात गेलो तेव्हा समितीचे कागद सांभाळणाऱ्या बाईंनी मला बसायला खुर्ची दिली आणि अर्धा तास ऐकून घेतले. बाई वाईट नाहीत. त्यांच्या टेबलावर एकतीस मृतांच्या एकतीस फायली होत्या आणि प्रत्येकीवर त्यांनी स्वतःच्या हाताने नाव सुवाच्य लिहिले होते. दाजींच्या फायलीवरची धूळ त्यांनी माझ्यासमोर पदराने पुसली. मग म्हणाल्या :

"तुमचं खरं मानलं तर एकतीस माणसं आमच्या अंगावर. नाही मानलं तर ती त्यांची त्यांच्या अंगावर. ओझं तेवढंच आहे हो. आम्ही फक्त जागा बदलली. आणि गेलेल्या माणसाला ओझं होत नाही, असा आमचा समज."

मी त्यांना सांगितले, की गेलेल्या माणसाला होत नाही हे बरोबर, पण क्र. १९ चे ओझे सध्या एक बाई उचलते आहे आणि ती दिवसातून शंभर वेळा गिरणी थांबविते. बाईंनी फाईल मिटली. त्यांनी घंटी वाजवून माझ्यासाठी चहा मागविला.

परत येताना माझ्या लक्षात आले, की त्यांनी जे केले तेच मी दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला केले होते. मागची ओळ खोटी ठरू नये म्हणून पुढची तशीच लिहिली. प्रत्येकाने आपल्या वरच्या ओळीवर विश्वास ठेवला. सर्वांत वरची ओळ माझी आहे, म्हणून ती खोडण्याची विनंतीही मीच करीत आहे. दुसऱ्या कोणाला ती करता येणार नाही.

१२. सबब, विनंती पुढीलप्रमाणे आहे.

नवी चौकशी नको. अहवाल मागे घेऊ नये. सावकाश साहेबांची बढती झाली आहे, ती राहू द्यावी. त्यांना रात्री झोप लागत नाही असे ऐकतो. भरपाई, माफी, फलक यांपैकी काही नको. फक्त एका कागदावर, गोल शिक्क्यासह, एवढे लिहून मिळावे : 'दि. १७ सप्टेंबर रोजी भोंगा वाजला नाही. वाजला असता तर गिरणी चालू असतानाही ऐकू आला असता.' खाली, 'यास भोंगाचालक जबाबदार' असे लिहिल्यास माझी हरकत नाही. कागद कोठेही प्रसिद्ध होणार नाही. तो एका गिरणीच्या भिंतीवर लागेल.

हे शक्य नसल्यास दुसरी विनंती. भोंग्याची जळालेली मोटार मी उतरवून गावातल्या वाइंडिंगच्या मिस्त्रीकडून भरून घेतली आहे. त्या मिस्त्रीची आई क्र. ७ होती. मोटार कशाची, हे त्याने विचारले नाही; तारा मात्र त्याने नेहमीपेक्षा जाड वापरल्या. ती मोटार सध्या माझ्या टेबलाखाली गोणपाटात आहे. बसवायला चार बोल्ट आणि अर्धा तास लागेल. अभिलेखानुसार भोंगा सुरुवातीपासून ठीकच असल्याने तो खरोखर ठीक केल्याने अभिलेखात काहीही बदल होणार नाही, ही बाब आपल्या सोयीची आहे. त्यानंतर येत्या १७ जुलै रोजी दुपारी ठीक ३.१० वाजता तो एक मिनिट वाजविण्याची परवानगी मिळावी. सात नकोत. एक पुरे.

आदल्या दिवशी सगळ्या गल्लीला चाचणीची सूचना द्यावी, म्हणजे कोणी घाबरणार नाही. ताईलाही द्यावी. तिला फसवायचे नाही. फसवून झाले आहे.

त्या दिवशी मी तिला एवढेच सांगणार आहे, की तीन वाजता दळण घाल आणि भोंगा होईपर्यंत गिरणी थांबवू नकोस. दगड तोच आहे, पट्टा तोच आहे, कान तेच आहेत. तिला ऐकू येईल. मिनिटभर वाजेल, तेवढ्यात तिचा हिशेब होईल. तिला हिशेब माझ्यापेक्षा चांगला येतो. चोवीस मिनिटे, पाचशे बारा पावले, तीन थापा. मग ती भिंतीकडे बघेल आणि त्यानंतर, तिने माझ्याकडे कसे बघावे ते तिचे ती ठरवील. माडीवरचे माझे सामान फारसे नाही. पण त्या दिवसानंतर ती एका दमात पायली दळील, आणि पीठ हाताला गरम लागेल.

परवानगी द्यावी. धरण भरते आहे.

आपला,
चौदा वेळा 'ठीक' लिहिणारा,
(सही)
भोंगाचालक, नियंत्रण कक्ष.
दि. ४ जुलै

सोबत जोडले आहे :
१) भोंगा चाचणी नोंदवहीची प्रत. बदललेले मूळ पान, 'नादुरुस्त' असे लिहिलेले, मी तेव्हा फाडून खिशात ठेवले होते. तेही जोडले आहे. धुतल्यामुळे शाई फुटली आहे, पण वाचता येते.
२) भोंगा ऐकलेल्या एकोणीस जणांची यादी. त्यांना त्रास देऊ नये.
३) ताईच्या दोन्ही कानांचा तपासणी अहवाल. मूळ प्रत परत मिळावी.
४) प्रशस्तिपत्र. हे जोडलेले नाही. ते गिरणीच्या भिंतीवर आहे व ताई ते रोज पुसते. भोंगा वाजल्यावर ती स्वतः काढून माझ्या हातात देईल, तेव्हा पाठवीन.